धोत्र्याचा उजेड

उंब्रज सोडून एस.टी. साताऱ्याच्या दिशेनं लागली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे उसाचे तुरे मला एकदम इतके पांढरे दिसायला लागले, की बघवेना. पौषातलं सकाळचं ऊन. तुरे रोजचे, रस्ताही रोजचाच. पण त्या दिवशी प्रत्येक तुऱ्याभोवती उजेडाचं एक कडं होतं आणि लांबचे डोंगर नुकतेच पाण्यातून काढल्यासारखे लकाकत होते. मी खिडकीशी बसून स्वतःशीच हसत होतो. शेजारी माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, गुडघ्यांच्या मध्ये काठी धरून ताठ बसले होते. मला वाटलं, हे आनंदानं होतंय. माणूस ड्रायव्हर व्हायला निघाला की त्याला जग असंच दिसत असणार. विशी ओलांडून फार दिवस झाले नव्हते, त्या वयात असल्या गोष्टींवर विश्वास बसतो.

मोठ्या दुष्काळाला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या भागातल्या साखर कारखान्यानं नवे ट्रक घेतले होते आणि त्यांवर ड्रायव्हर घ्यायचे होते. पूर्वी ही नोकरी सोपी होती. साहेबासमोर गाडी रिव्हर्समध्ये घेऊन भिंतीला न लावता उभी केली की माणूस कामाला लागला. पण आदल्या हंगामात एक ड्रायव्हर भरलेल्या उसासकट ओढ्यात उतरला. सगळे म्हणाले, पठ्ठ्या अफूच्या तारेत होता. तेव्हापासून नियम निघाला, की नव्या ड्रायव्हरनं आधी साताऱ्याच्या ठरलेल्या डॉक्टरकडून तपासून यायचं. डोळे, कान, छाती, लघवी आणि नशापाणी. ह्याला सगळे ‘मेडिकल’ म्हणत. मेडिकलला पास तर गाडी, नाही तर घरी.

मी त्याआधी तीन वर्षं सांगलीच्या एका ट्रकवर क्लीनर होतो. हळदीची पोती भरून आम्ही लांब लांब जायचो. नखांत, कानांत, भाकरीतसुद्धा हळद. घरी आलो की आई मला लांबूनच म्हणायची, ‘आला नवरदेव.’ त्या तीन वर्षांत मी गाडी शिकलो, लायसन काढलं आणि रस्त्यावरची माणसं काय काय करतात तेही पाहिलं. झोप येऊ नये म्हणून ड्रायव्हर लोक मटकीएवढी अफूची गोळी जिभेखाली धरायचे. काही जण चिलीम ओढायचे. मलाही विचारायचे. मी घेतली नाही. ह्यात माझा काही मोठेपणा नव्हता. मला गाडी चालवतानाची झिंग पुरत होती, आणि घरी आबा होते.

आबांबद्दल सांगायला हवं. ते फौजेत ड्रायव्हर होते. बर्फातल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं गाड्या चालवून गुडघ्यांची वाट लागली आणि ते पेन्शनीत आले. गावात त्यांना मान होता, आणि त्या मानामुळं लोक त्यांच्याकडं शब्द टाकायला यायचे. कुणाचा पोरगा भरतीला निघालाय, कुणाचं लग्न ठरतंय, आबांनी नुसतं म्हणावं की पोरगं चांगलं आहे. आबा म्हणायचे, ‘मी जेवढं बघितलंय तेवढंच सांगीन. न बघितलेलं सांगायला मी काय देव न्हाई.’ लोक खट्टू होऊन जायचे. सख्ख्या भावाच्या पोराबद्दलही त्यांनी असंच सांगितलं, आणि चुलत्यानं वर्षभर आमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. मला त्यांचा राग यायचा. जगात इतकी माणसं खोटं बोलून सुखात असतात, ह्यांनाच काय एवढं सोनं लागलंय, असं मी आईजवळ बडबडायचो.

तर मेडिकलच्या आदल्या संध्याकाळी आबांनी माझी तयारी करून घेतली. त्यांच्या मते मेडिकल म्हणजे भरतीच. अंगणात उघडं उभं केलं, छाती फुगवायला लावली, खोकायला लावलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून गोठ्याच्या खांबाला अडकवलं आणि लांबून तारखा वाचायला लावल्या. म्हैस मान वळवून बघत होती. तारखा वाचून झाल्यावर त्यांनी एकादशी, चतुर्थी असली बारीक अक्षरंही वाचून घेतली. ‘डोळं झ्याक हाईत,’ ते म्हणाले. आबांकडून एवढं म्हणजे खूपच.

सकाळी थंडी होती आणि थंडीत आबांचे गुडघे धरायचे. त्यावर आईचा ठरलेला उपाय होता. धोत्र्याची पानं तव्यावर एरंडेल तेलात शेकायची आणि गरम गरम गुडघ्यांवर बांधायची. त्या दिवशी आई आमच्या भाकरीच्या गडबडीत होती, म्हणून उकिरड्यामागची पानं मीच देठासकट ओरबाडून आणली आणि तव्यावर शेकली. चूल धुमसत होती. धूर डोळ्यांत गेला तसे मी दोन्ही हातांनी डोळे चांगले खसाखसा चोळले. मग आबांच्या गुडघ्यांवर पानं बांधून, केसांना तेल लावून, इस्त्रीचा सदरा घालून निघालो. आईनं हातावर दही ठेवलं. सगळं शुभशकुनासारखं.

साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा उजेड आणखी वाढला होता. किल्ल्याचा डोंगर विरघळून आभाळात गेला होता. समोरून येणारी माणसं आधी चकाकणारा ठिपका म्हणून यायची, मग त्यांना हातपाय फुटायचे. टांग्याच्या घोड्याच्या कपाळावरचा गोंडा तर असा झळकला, की मी थांबून बघतच राहिलो. ‘चल की रं,’ आबा म्हणाले. मी त्यांचा हात धरला. त्यांना वाटलं मी आधार देतोय, मला वाटलं मी तरंगतोय. इतका सुंदर सातारा मी पुन्हा पाहिला नाही, आणि पुढं त्या रस्त्यानं माझ्या शेकडो खेपा झाल्या.

दवाखाना माडीवर होता. अरुंद, उभा लाकडी जिना. आबा एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढले. वर बाकावर आणखी एक जण मेडिकलसाठी बसला होता. त्याचा चेहरा मला नीट दिसेना. पागोट्याचा एक मोठा लाल ढग आणि त्याखालून येणारा आवाज, एवढंच. तो आटपाडीकडचा होता. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं, दुष्काळात ती गेली आणि हा ट्रककडं वळला. त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं, की लघवी सकाळची पहिलीच लागते. म्हणून त्यानं ती घरूनच बाटलीत भरून, बुचाला फडकं बांधून, पिशवीतून एवढ्या लांब आणली होती. कंपाउंडरनं ती ओतून टाकायला लावली.

‘आता पाव्हणं, घरून आणल्याली चालंना आन् हितं काय हुईना,’ तो मला म्हणाला. ‘दोन तांबं पाणी प्यालो. मानूस बाहीर हुबा असला की न्हाईच हुत गड्या.’

मला हसू आवरेना. आबांनी काठीनं माझ्या पावलाला टोचलं. शेवटी त्याचं काम झालं, आत तपासणीही झाली, आणि तो लाल ढग बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘काय भ्या न्हाई. जावा.’ मी आत गेलो.

डॉक्टर वयस्क होते, आवाज मऊ. वजन झालं, छाती झाली. भिंतीवरच्या तक्त्यातली मोठी अक्षरं वाचली. खालच्या ओळी मुंग्यांच्या रांगेसारख्या हलायला लागल्या. मग त्यांनी हातात एक छापील कागद दिला. मी तो लांब धरला, जवळ धरला. कागदावर नुसतं धुकं होतं. काल संध्याकाळी चतुर्थी वाचणारा मी, मला त्यातलं एक अक्षर लागेना. सकाळपासून जे मला आनंदाचं वाटत होतं, ते डोळ्यांतच काहीतरी बिघडलेलं आहे, हे तिथं त्या खोलीत मला पहिल्यांदा कळलं.

डॉक्टरांनी बॅटरी काढली आणि माझ्या डोळ्यांत मारली. पांढरा लोट आत शिरला. त्यांनी बॅटरी बाजूला नेली, परत आणली, परत नेली. मग खुर्ची मागं सरकवून शांतपणे विचारलं, ‘काय घेतोस?’

‘काय न्हाई साहेब.’

‘तुझ्या बाहुल्या केवढ्या झाल्यात माहीत आहे? उजेड मारला तरी आकसत नाहीत. निरोगी माणसाचे डोळे असे नसतात. गांजा? धोत्र्याच्या बिया? ट्रकवर होतास ना?’

धोत्रा म्हटल्याबरोबर मला सकाळची पानं आठवली. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. पानं, तवा, धूर, चोळलेले डोळे. ऐकताना डॉक्टर मान हलवत होते, पण ती मान ऐकतोय एवढंच सांगणारी होती. ‘पानांचा रस डोळ्यांत गेला तरी असं होतं,’ ते म्हणाले. ‘आणि धोत्रा पोटात गेला तरी असंच होतं. मला डोळे दिसतात, कारण दिसत नाही. आणि इथं बसून प्रत्येक जण काहीतरी कारण सांगतोच.’

मग त्यांनी दार उघडून आबांना आत बोलावलं.

आबा आत आले आणि सवयीनं ताठ उभे राहिले. डॉक्टरांनी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

‘तुमच्या मुलाच्या डोळ्यांवर नशेची लक्षणं आहेत,’ डॉक्टर म्हणाले. ‘दुसरंही कारण असू शकतं. तुम्ही फौजी माणूस दिसता, म्हणून विचारतो. हा नशा करतो का?’

मी आबांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा मला धड दिसत नव्हता. खिडकीतला सगळा उजेड त्यांच्यामागं गोळा झाला होता आणि मधे एक काळी आकृती. मला खात्री होती. एक ‘न्हाई’ म्हणायचं होतं, बस्स.

‘मी बघितलेलं न्हाई,’ आबा म्हणाले.

‘म्हणजे करत नाही?’

‘बघितलेलं न्हाई, असं म्हनलो साहेब. तीन वर्सं ह्यो भाईर हुता. भाईरचं मी कसं सांगू?’

डॉक्टरांनी मला आठ दिवसांनी यायला सांगितलं. पानांना हात लावायचा नाही, आणखी कशाला तर नाहीच. आठ दिवसांनी डोळे ठीक दिसले तर पुढचं बघू, नाही तर ते कारखान्याला तसं कळवतील. आणि एकदा तसं कळवलं गेलं की त्या पट्ट्यातला कुठलाच कारखाना मला गाडीला हात लावू देणार नव्हता.

परतीच्या एस.टी.त तेच तुरे होते आणि तोच उजेड. आता तो मला सहन होईना. मी टॉवेल तोंडावर ओढून बसलो. टॉवेलाच्या आत मी रडत होतो, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. नोकरीचं दुःख होतंच. पण माझ्या बापाला माझ्याबद्दल एक शब्द बोलता आला नाही, ते आत सलत होतं.

घरी आईनं सगळं ऐकलं आणि भाकरी थापता थापता थांबली. ‘आवं, सोताच्या पोराचं बी सांगता येईना व्हय तुमास्नी?’ ती म्हणाली. आबांनी गुडघ्यांवरची फडकी सोडली, वाळलेली पानं काढून चुलीत टाकली आणि म्हणाले, ‘इचारलं त्ये सांगिटलं.’ त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

ते आठ दिवस मला एखाद्या लांब स्वप्नासारखे आठवतात. दिवसा डोळे उघडवत नव्हते. मी शेजारच्या उसात शिरून सरीत पडून राहायचो. आत हिरवा अंधार, थंड माती, पात्यांची सळसळ. वरून उन्हाचे तुकडे पडायचे आणि रुपयाएवढा प्रत्येक तुकडा पसरत पसरत परातीएवढा व्हायचा. कधी डोळा लागायचा, आणि जागा झालो की मी सांगलीच्या ट्रकवर पोत्यांच्या ढिगावर झोपलोय असं वाटायचं. संध्याकाळी मात्र माझे डोळे सुखावायचे. दिवे लागायच्या वेळेला मी कृष्णेच्या काठानं चालायचो. पाणी, गुरं, धुणं आटपून निघालेल्या बायका, सगळं मऊ कडांचं. अशाच एका संध्याकाळी मला लांबून आबा येताना दिसले. काठी टेकत, मधेच थांबत. धोत्रा घरातून बंद झाला होता. आई मिठानं शेकायची, पण त्यानं काही गुण नव्हता. त्यांना तसं चालताना पाहून मी दोन पावलं त्यांच्याकडं टाकलीही. तरी मी वाट बदलून दुसरीकडून घरी गेलो. राग असा असतो, तो पोटातल्या मायेला विचारत बसत नाही.

हळूहळू बाहुल्या लहान होत गेल्या असाव्यात. आधी म्हशीची शिंगं नीट दिसली, मग आईच्या हातावरचं गोंदण. सातव्या दिवशी मी चोरून कॅलेंडरसमोर उभा राहिलो आणि चतुर्थी वाचली.

त्याच दिवशी सकाळी आबा कोट घालून निघाले. ‘पेन्शनीचं काम हाय साताऱ्यात,’ ते आईला म्हणाले. आई म्हणाली, ‘उद्या पोरगं जातंयच की, त्याच्यासंगं जावा.’ ते म्हणाले, ‘आजचं काम हाय.’ संध्याकाळी परतले तेव्हा दोन्ही गुडघे भोपळ्यासारखे सुजले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना उठता येईना. मी एकटाच निघालो. मनात म्हटलं, बघा, पेन्शनीसाठी ह्यांचे पाय चालतात.

ह्या वेळी एस.टी.तून तुरे तुऱ्यांसारखे दिसले, थोडे मळकट, धुळीचे. मला बरं वाटलं आणि थोडं चुकचुकल्यासारखंही झालं. जिना चढताना पायऱ्यांचं लाकूड मधे झिजलेलं दिसलं. माडीवर कुणी नव्हतं. डॉक्टरांनी छापील कागद हातात दिला, तो मी घडाघडा वाचला. इतका, की त्यांनीच ‘पुरे’ म्हटलं. मग बॅटरी. डोळ्यांत उजेड आला, गेला, आला.

‘आकसतात,’ ते म्हणाले. जीभ बघितली, हाताची बोटं ताणून धरायला लावली, लघवी तपासली. मग टेबलाशी बसून चिठ्ठी लिहायला घेतली. मी उभाच होतो. 

‘तुझे वडील काल आले होते,’ लिहिता लिहिता ते म्हणाले.

मला वाटलं, काहीतरी गोंधळ आहे. मी म्हणालो, ‘त्ये पेन्शनीच्या कामाला आलते साहेब.’

‘ते मला माहीत नाही. इथं आले होते. जिना चढून आल्यावर त्यांना आधी पाणी द्यावं लागलं.’ डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘म्हणाले, त्या दिवशी तुम्ही इचारलंत तवा माझं उत्तर चुकलं, त्ये परत द्यायला आलोय. माझा पोरगा नशा करत न्हाई. मी विचारलं, तुम्ही पाहिलंत का? म्हणाले, न्हाई. बघितलेलं न्हाई. तरी सांगतो.’

मी टेबलाची कड धरली.

‘मी त्यांना म्हटलं, अहो, उद्या तो येणारच आहे. डोळे तपासले की सगळं कळेल. एवढे पाय दुखत असताना कशाला आलात? तर म्हणाले, उद्या काय, समद्यास्नीच कळंल. मंग मी सांगून काय उपेग?’

चिठ्ठी घेऊन मी जिना कसा उतरलो, स्टँडवर कसा आलो, मला आठवत नाही. घरी पोचलो तेव्हा आबा सोप्यात भिंतीला टेकून पाय लांब करून बसले होते. मी त्यांच्या पायांशी बसलो आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्याशी बोललो. ‘झालं आबा,’ म्हणालो. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

‘गाडी कंची देत्यात?’

मी सांगितलं. तसलीच गाडी त्यांनी फौजेत चालवली होती. त्या गाडीचा दुसरा गिअर खरखरतो, चढाला आधीच टाकायचा, असं म्हणत त्यांनी हवेत हात फिरवून दाखवला. मी त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला आणि चढ कसा घ्यायचा ते सांगत राहिले.